कृत्रिम झडपेची तरुण माता : शस्त्रकर्मापूर्वी आणि नंतर आपले कर्तव्य

काही वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. फोंडा मार्गावरील एका खेड्यातून अठ्ठावीस वर्षांची रुग्णा गुडघेदुखीसाठी कणकवलीत आमच्या चिकित्सालयात आली. कडेवर दीड वर्षाचे मूल, हाताशी पाच वर्षांची मुलगी. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या क्रमाने परीक्षण करून आम्ही आमवाताचे निदान केले आणि योगराज गुग्गुळ, महारास्नादि काढा व चार दिवसांसाठी एक वेदनाशामक गोळी लिहून दिली. चिठ्ठी घेऊन ती जवळच्या औषधी दुकानात गेली. तेथील व्यवसायबंधूंनी औषध काढण्यापूर्वी तिला एक साधा प्रश्न केला, "आणखी कोणती गोळी चालू आहे?" तिने पिशवीतून काढलेल्या पुडीत ॲसिनोकुमारॉल ही रक्त पातळ राखणारी गोळी होती. आठ महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाची द्विदल झडप काढून तेथे धातूची झडप बसविण्यात आली होती. छातीवरील व्रणवस्तू पदराआड होती आणि आम्ही विचारले नव्हते. श्रवणयंत्र छातीला लावले असते, तरी धातूच्या झडपेचा ठोका ऐकू आला असता. औषध दिले गेले नाही व अनर्थ टळला. त्याचे श्रेय आमचे नव्हे.

या प्रसंगाने आम्हाला जे शिकविले ते व्यवसायबंधूंपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. झडपेचे शस्त्रकर्म मुंबई, कोल्हापूर, बेळगाव वा बांबोळी येथे होते आणि रुग्ण तेथे दोन-तीन आठवडे राहतो. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे मात्र तो आपल्या गावात काढतो. त्या काळात खोकला, पाठदुखी, अंगावरून जाणे, मुलाचा ताप अशा प्रत्येक कारणाने तो आपल्याच दारी येतो. नवी झडप टिकवणे वा बिघडवणे हे पुष्कळ अंशी आपल्या चिठ्ठीवर आणि दुकानाच्या काउंटरवर अवलंबून असते.

व्याधीचे स्वरूप

आपल्याकडील तरुण वयातील झडपविकाराचे प्रमुख कारण र्‍हुमॅटिक ज्वर हे आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या वयात स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसा येतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघा, घोटा, कोपर असे मोठे सांधे एकामागून एक सुजतात. सांधे काही दिवसांत पूर्ववत होतात, परंतु हृदयाच्या झडपांवर उमटलेला शोथ वर्षानुवर्षे वाढत जातो. झडपेची दले जाड होतात, कडा एकमेकींस चिकटतात, क्वचित त्यांवर चुना साचतो. द्विदल झडपेचे द्वार प्रकृत अवस्थेत चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. ते दीड किंवा त्याहून कमी झाले की विकार तीव्र समजला जातो.

हा विकार तरुण मातेत प्रकट होण्यास विशिष्ट कारण आहे. गर्भिणी अवस्थेत रक्ताचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. अरुंद द्वारातून एवढा प्रवाह जाऊ शकत नाही, तो फुप्फुसांत तुंबतो. त्यामुळे पाचव्या-सहाव्या महिन्यात धाप लागते, रात्री उशाला दोन उशा घ्याव्या लागतात, कोरडा खोकला येतो, क्वचित थुंकीत रक्त पडते. ही लक्षणे पांडुरोगाची वा अशक्तपणाची म्हणून लोहकल्प आणि द्राक्षासव देऊन वेळ दवडला जातो. आमच्याकडूनही असे घडलेले आहे. गर्भिणी किंवा सूतिका आडवी झाल्यावर धापते असे सांगत असेल, तर तिची टू-डी इको तपासणी होईपर्यंत निदान पूर्ण झाले असे मानू नये.

चरकसंहितेत हृदय हे तीन प्रधान मर्मांपैकी एक गणले असून त्याची चिकित्सा त्रिमर्मीय अध्यायात सांगितली आहे. सुश्रुताने हृदयाचा समावेश सद्यःप्राणहर मर्मांत केला आहे. मर्माचा आघात औषधाने भरून येत नाही, ही जाणीव आपल्या शास्त्रास प्रथमपासून आहे. चिकटलेली दले अर्जुनाने सुटत नाहीत, हे स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही. रुग्णेचे दोन हंगाम अर्जुनक्षीरपाकावर घालवून, फुप्फुसातील रक्तदाब वाढल्यावर तिला शल्यचिकित्सकाकडे धाडणे हा मात्र अपराध आहे.

झडपेची निवड

दले लवचीक असतील तर शिरेवाटे फुगा नेऊन द्वार रुंद करता येते. जपानमधील डॉ. इनोए यांची ही पद्धती १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. शक्य असेल तेथे मूळ झडपेची दुरुस्ती करतात. दोन्ही शक्य नसल्यास झडप बदलावी लागते. पर्याय दोन. धातूची झडप दीर्घकाळ टिकते, परंतु तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर गोळी घ्यावी लागते. प्राणिज ऊतीची झडप असल्यास सामान्यतः जन्मभर गोळी लागत नाही, पण तरुण वयात ती लवकर झिजते आणि दहा-पंधरा वर्षांत पुन्हा शस्त्रकर्माची वेळ येऊ शकते.

येथे एका नावाचा उल्लेख आपल्या वाचकांसाठी उचित ठरेल. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीची धातूची झडप तयार झाली. आधीच्या रचना अयशस्वी ठरल्यावर चौथी रचना यशस्वी झाली व डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. त्यानंतर एक लाखाहून अधिक रुग्णांना ही चित्रा झडप लाभली. याच हृदयशल्यचिकित्सकाने पुढे चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या अध्ययनास वाहून घेऊन तिघांवर ग्रंथ लिहिले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. झडप घडविणारा हात संहितेची पाने उलटू शकतो, तर संहितेचे अध्ययन करणाऱ्याने झडपेचे नियम शिकण्यास संकोच का करावा?

तरुण स्त्रीच्या बाबतीत निवडीपूर्वी एक प्रश्न उघडपणे विचारला गेला पाहिजे : आणखी अपत्य हवे आहे काय? वॉर्फरिन वर्गातील गोळी गर्भधारणेच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाच्या अस्थींस व्यंग आणू शकते, आणि गोळी मनाने बंद केल्यास झडपेवर गाठ होऊन मातेचा प्राण जाऊ शकतो. शल्यचिकित्सकापुढे हा विषय काढण्यास पती-पत्नी दोघेही लाजतात. कुटुंबाच्या वैद्याने तो आधीच घरात काढावा. अपत्ये पुरेशी झाली असतील तर पतीची नसबंदी हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. पाळी चुकल्यास एक आठवडाही न थांबता हृदयरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ या दोघांस कळवावे. स्तनपानाविषयीची भीती मात्र अनाठायी आहे. वॉर्फरिन मातेच्या दुधात नगण्य उतरते, म्हणून केवळ तिच्यासाठी स्तनपान तोडण्याचे कारण नाही. अन्य औषधांविषयी विचारून घ्यावे.

पूर्वकर्म

"गणपती होवंदेत, मगे बघूया" हे वाक्य आपण प्रत्येकाने ऐकले आहे. लावणी, गणपती, कापणी, घरातील लग्न अशी कारणे संपत नाहीत. शल्यचिकित्सकाने मुदत दिली असेल तर तिचे रक्षण करणे हे आपले पहिले काम. पुढील गोष्टी शस्त्रकर्मापूर्वी तीन-चार आठवडे तरी पाहाव्यात.

१. दंतपरीक्षण. किडलेला दात वा पुवाळलेली हिरडी हे नव्या झडपेवर जंतू पोहोचण्याचे द्वार आहे. उपचार आधी पूर्ण करून घ्यावेत. मिश्री लावण्याची सवय असल्यास ती याच वेळी सोडवावी.

२. आपली औषधे. गुग्गुळकल्प, लसूण व हळदीच्या अर्काच्या कॅप्सुली, आल्याचे मोठ्या मात्रेतील योग शस्त्रकर्मापूर्वी साधारण दोन आठवडे थांबवावेत आणि काय काय चालू होते याची लेखी यादी रुग्णेसोबत द्यावी. रक्त पातळ करणारी गोळी केव्हा थांबवायची हे मात्र केवळ शल्यचिकित्सकाने ठरवावे.

३. ज्येष्ठमध. मूत्रल गोळी व डिजॉक्सिन घेणाऱ्या रुग्णेस ज्येष्ठमधयुक्त खोकल्याचे औषध दीर्घकाळ दिल्यास शरीरातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. लवणभास्करासारखी क्षारयुक्त चूर्णे व खारवलेले मासे सूज वाढवितात.

४. खर्चाची तरतूद. राज्यात २०१२ पासून राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. झडपेची शस्त्रकर्मे तीत अंतर्भूत आहेत. शिधापत्रिकेवरील नाव व आधार कार्डावरील नाव जुळते का, एवढे आधी पाहिले तरी रुग्णालयातील अनेक हेलपाटे वाचतात.

५. मूल. याचा विचार कोणीच करत नाही आणि मातेच्या मनात रात्रंदिवस हाच विचार असतो. जाण्यापूर्वी दोन-तीन आठवडे मुलाला आजी किंवा मावशीच्या हातून जेवण्याची व तिच्या कुशीत झोपण्याची सवय लावावी. समजत्या मुलास आई कोठे जाते, छातीवर टाके असतील, काही आठवडे ती उचलून घेणार नाही, हे सोप्या शब्दांत सांगावे. मुलाला न सांगता पहाटेच्या गाडीने निघून जाऊ नये.

पश्चात्कर्म

या शस्त्रकर्मात बहुधा उरोस्थी उभी छेदून तारेने पुन्हा जोडतात. ती जुळण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. तोपर्यंत चार-पाच किलोपेक्षा अधिक भार उचलू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. एका वर्षाच्या मुलाचे वजन नऊ-दहा किलो भरते, भरलेली कळशी त्याहून जड असते, आणि विहिरीवरील रहाट तर दोन्ही खांदे ओढतो. म्हणून "जड उचलू नका" हे वाक्य पुरेसे नाही. सासू, नणंद, पती यांना समोर बसवून काय कोण करील हे ठरवून द्यावे. मातेने पलंगावर वा खुर्चीवर पाठ टेकून बसावे आणि दुसऱ्याने मूल तिच्या मांडीवर आणून द्यावे. तिने मुलाला जवळ घेणे थांबवायचे नाही, फक्त वाकून उचलणे थांबवायचे आहे. उठताना कुशीवर वळून उठावे, खोकताना छातीशी उशी धरावी. दुचाकीवर पाठीमागे बसणेही दोन महिने टाळावे. व्रण पूर्ण भरेपर्यंत त्यावर तेल, लेप वा हळद लावू नये.

आहाराच्या बाबतीत आपले शास्त्र आणि आपला प्रांत दोन्ही साह्यास येतात. पेयादि संसर्जनक्रमाचे तत्त्व, म्हणजे क्षीण अग्नीस पातळापासून घनापर्यंत क्रमाने नेणे, येथेही उपयुक्त ठरते. उकड्या तांदळाची पेज, मुगाचे कढण, कुळथाची पिठी, मऊ भात व ताज्या मासळीचे सौम्य कालवण असा क्रम कणकवलीच्या कोणत्याही घरात जमतो. मीठ मात्र बेताचे असावे. चालण्याचा आरंभ अंगणातील पाच-दहा मिनिटांपासून करून तो रोज थोडा वाढवावा. चिखलातील लावणी त्या वर्षी करू नये.

मनाचा विचारही आवश्यक आहे. हृदय व ओज यांच्या रक्षणासाठी मनास दुःख देणारी कारणे टाळावीत, असे चरकाने सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात सांगितले आहे. शस्त्रकर्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत अकारण रडू येणे, झोप न लागणे, आपण मुलांना ओझे झालो असे वाटणे हे पुष्कळदा आढळते. घरातील माणसांना हे आधी सांगून ठेवल्यास ते तिला दोष देत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत हे ओसरले नाही तर मानसोपचारतज्ज्ञाचे साह्य घ्यावे. आमच्या वरील रुग्णेची मुलगी रात्री तिच्याजवळ निजल्यावर विचारी, "आये, तुझ्या छातीत घड्याळ आसा काय?" आम्ही तिला सांगितले, होय म्हणावे, आणि ते घड्याळ चालू आहे हे रोज ऐकत जा असेही सांगावे. यात थोडे विज्ञानही आहे. धातूच्या झडपेचा नेहमीचा टिक्‌टिक् आवाज दबला वा थांबला आणि धाप लागली, तर झडपेवर गाठ झाल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एकाएकी बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे वा हातपाय लुळा पडणे यासही हाच नियम.

गोळी आणि आयएनआर

रक्त गोठण्यास किती विलंब होतो हे आयएनआर या तपासणीने कळते. द्विदल स्थानी धातूची झडप असल्यास ते साधारणतः २.५ ते ३.५ आणि महाधमनीच्या स्थानी, अन्य धोका नसल्यास, २ ते ३ राखतात. रुग्णेसाठी ठरवून दिलेली मर्यादा तिच्या कागदावर असतेच, ती पाहावी. आकडा खाली गेला तर गाठ, वर गेला तर रक्तस्राव. स्थिर रुग्णातही साधारण महिन्याने तपासणी हवी, आणि औषधात कोणताही बदल झाल्यास काही दिवसांतच.

गोळी रोज सायंकाळी ठरलेल्या वेळी घ्यावी. एक दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. औषधविक्रेत्यांनी कंपनी व मिलिग्रॅम मनाने बदलू नये. तपासणी नको म्हणून नव्या गोळ्या मागणारे रुग्ण भेटतात. परंतु धातूच्या झडपेसाठी डॅबिगाट्रान अपायकारक ठरल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले, आणि एपिक्सॅबानची चाचणी २०२२ मध्ये गाठींचे प्रमाण अधिक आढळल्याने थांबवावी लागली. अशा रुग्णांना वॉर्फरिन वर्गाला आज पर्याय नाही.

आकडा वाढविणाऱ्यांत मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनाझोल यांचा क्रम वरचा आहे. आपल्याकडे भातशेतीच्या हंगामात लेप्टोच्या प्रतिबंधासाठी घेतली जाणारी डॉक्सिसायक्लिनही आकडा वाढवू शकते. रिफाम्पिसिन व कार्बामाझेपिन आकडा खाली आणतात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे आकडा न वाढवताही जठरातून रक्तस्राव घडवू शकतात. हृदयरोगतज्ज्ञाने स्वतः लिहून दिलेली अल्पमात्रेतील ॲस्पिरिन मात्र बंद करू नये. आपल्या औषधांपैकी गुग्गुळकल्प, लसूण, हळदीचे अर्क यांबाबत सावध राहावे. स्वयंपाकातील हळद व फोडणीतील लसूण यांना हरकत नाही. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्य असते, म्हणून सूतिकेस सवयीने दिले जाणारे दशमूलारिष्ट अशा मातेला देऊ नये. रक्तमोक्षण, जलौका, बस्ती आणि जोरदार मर्दन वर्ज्य समजावे.

पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करते. पालेभाज्या बंद करणे हा त्यावरील उपाय नव्हे, प्रमाण सारखे ठेवणे हा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात टाकळा, अळू, शेवग्याचा पाला ताटात रोज येतो, श्रावणात मासळी बंद होऊन तो आणखी वाढतो, आणि गणपतीनंतर एकदम कमी होतो. म्हणून आषाढ-श्रावणात आणि पुन्हा भाद्रपद संपताना एक तपासणी अधिक करून घ्यावी, असा परिपाठ आम्ही ठेवला आहे.

अशा रुग्णेस अंगावरून अधिक जात असेल तर प्रथम आयएनआर पाहावे. केवळ असृग्दर म्हणून स्तंभन योग देऊ नयेत आणि गोळी बंद करण्याचा सल्लाही देऊ नये. कोणताही ताप आला तर प्रतिजैविक देण्यापूर्वी रक्ताचे कल्चर घेणे आवश्यक आहे, कारण तो झडपेवरील जंतुसंसर्ग असू शकतो. आधीच दिलेली दोन-तीन गोळ्यांची मात्रा हे निदान झाकून टाकते. पावसाळ्यातील ताप लेप्टो वा डेंग्यूचा असल्यास बिंबाणू घटतात व रक्तस्रावाचा धोका दुणावतो. त्यामुळे अशा रुग्णेस घरी ठेवून चिकित्सा करू नये. दात काढण्यापूर्वी प्रतिबंधक प्रतिजैविकाची मात्रा लागते, हे दंतवैद्यास आठवण करून द्यावे.

पुढील पिढी

झडप बदलली म्हणजे मूळ व्याधीचे कारण गेले असे नव्हे. घशाचा नवा संसर्ग उरलेल्या झडपा बिघडवू शकतो, म्हणून बेन्झाथिन पेनिसिलिनचे तीन ते चार आठवड्यांनी दिले जाणारे इंजेक्शन शस्त्रकर्मानंतरही चालू ठेवतात. झडपेस विकार राहिलेला असताना ते निदान चाळिसाव्या वर्षापर्यंत, किंवा शेवटच्या आक्रमणापासून दहा वर्षे, यांपैकी जे अधिक असेल तोवर देण्याचा संकेत आहे. आयएनआर अधिक असताना स्नायूत रक्त साकळू शकते, म्हणून आकडा पाहून ते द्यावे आणि बंद करण्याचा निर्णय तज्ज्ञांवर सोडावा.

त्याच घरात पाच वर्षांची मुलगी आहे. तिचा घसा सुजून ताप आला, तर केवळ गंडूष व सितोपलादि देऊन परत पाठवू नये, योग्य प्रतिजैविकाचा पूर्ण क्रम होतो आहे याची खातरी करावी. शाळकरी मुलाचे मोठे सांधे तापासह आळीपाळीने दुखत असतील तर आमवात असे लिहून थांबू नये, हृदयाची तपासणी करवावी. आईची झडप वीस वर्षांपूर्वी अशाच एखाद्या दुखऱ्या घशापासून बिघडू लागली होती, आणि त्या वेळी ती कोणा ना कोणा वैद्याच्या दारी आलीच असेल.

वरील रुग्णा आजही नियमित येते. तिच्या गुडघ्यांस आम्ही बाह्य स्नेहन सौम्य हाताने व शेक एवढेच देतो, आणि वेदना अधिक असल्यास तिच्या हृदयरोगतज्ज्ञास विचारून पॅरासिटामॉल. आमच्या चिठ्ठीच्या कागदावर आता रुग्णाच्या नावाखालीच एक ओळ छापलेली असते : "रक्त पातळ राखणारी गोळी चालू आहे काय? छातीचे शस्त्रकर्म झाले आहे काय?" ही ओळ भरल्याविना आम्ही औषध लिहीत नाही, आणि ती रिकामी दिसल्यास औषध देऊ नये अशी विनंती आम्ही आमच्या औषधविक्रेत्या बंधूंना करून ठेवली आहे. व्यवसायबंधूंनी आपल्या चिठ्ठीवरही ती छापून घ्यावी, अशी नम्र सूचना करून हा लेख पूर्ण करतो.